पेन्सिलीचा गोल

मंगळवार, डिसेंबरचा दुसरा आठवडा. सकाळपाळी, आठ ते दोन.

हजर: मी, इन्चार्ज सिस्टर, जिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. आसमा, कंत्राटावर लागून आठ महिने झालेली सिस्टर; तिची पाळी दोन वाजता सुरू व्हायची, पण ती नेहमीसारखी पाऊण तास आधी आलेली. काशीनाथमामा, वॉर्डातले जुने शिपाई. डॉक्टर, नवीन, ओपीडीच्या गर्दीत अडकलेले. सहा नंबरच्या खाटेवर सुरेखा, वय सव्वीस, फवारणीचं औषध पिऊन आलेली, तिसरा दिवस. तिच्या उशाशी तिची सासू, सुंद्राबाई.

ही हजेरी मी आज पहिल्यांदा लिहितेय. पाच वर्षं झाली. पाळीच्या वहीत त्या दिवशीचं सगळं आहे — सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, इंजेक्शन किती वाजता दिलं — पण मला सांगायचंय ते त्यात नाही. ते नाही, कारण ते मीच तिथून काढलं. हे मी बहिणीला सांगितलेलं नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा बाकीचंच बोलते.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतंय, असं समजा.

मी यादीवाली बाई आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात माझी निम्मी नोकरी गेली. कॅज्युअल्टी आणि तिला लागून सहा खाटांचा वॉर्ड. मी तिथे गेले तेव्हा कापूस कुठे, टाके घालायचं सामान कुठे, कुणाला पत्ता नसायचा. मी कप्प्यांना चिठ्ठ्या लावल्या. ट्रॉलीत काय हवं त्याची यादी केली. कोणत्या रुग्णाला काय बघायचं याच्या याद्या माझ्या हातानं लिहून, प्लास्टिक लावून भिंतीवर चिकटवल्या. काशीनाथमामा म्हणायचे, "यम जरी आला तरी मोठ्या सिस्टर त्याला म्हणतील, आधी रजिस्टरवर सही कर, मग ने." सगळे हसायचे. मीही हसायचे. मला आवडायचं ते.

आणि अशा याद्या करणाऱ्या मीच एक खूणही काढली होती.

पाळी बदलताना आम्ही वही वाचून दाखवतो — एक नंबर, छातीत दुखणं. दोन नंबर, बाळंतीण, रक्त चढवलंय. वहीच्या डाव्या समासात, काही खाटांच्या आकड्यापुढे, पेन्सिलीनं एक छोटा गोल असायचा. तो मोठ्यानं वाचायचा नाही. नुसता बघायचा. गोल म्हणजे — हा स्वतःच्या हातानं आलेला माणूस आहे. औषध पिऊन, हात कापून, गळफासातून काढून. त्याला इंजेक्शन वेळेवर द्यायचं, बीपी वेळेवर बघायचं, त्यात हयगय नाही. पण हाक मारली की लगेच उठायचं नाही. जवळ बसायचं नाही. रडलं तर रडू द्यायचं. खाट शक्यतो शेवटची, मोरीजवळची — सहा नंबर.

हे कुठे शिकवत नाहीत. ते मी सुरू केलं. नवीन पोरगी आली की पहिल्या आठवड्यात तिला कुणीतरी हळूच सांगायचं, गोल म्हणजे काय. दोन वर्षांत ते असं रुळलं, की जणू सरकारनंच ठरवून दिलंय.

का, असं तुम्ही विचाराल. मनाशी मी त्याची एक गोष्ट तयार ठेवली होती. एका दुपारी साप चावलेली सात वर्षांची मुलगी आली होती, आणि त्याच वेळी आम्ही तिघीजणी एका माणसाला धरून बसलो होतो — औषध प्यालेला, नळी घालू देईना, चावे घेत होता. मुलगी गेली. तो माणूस चौथ्या दिवशी केसाला तेल लावून, भांग पाडून, चालत घरी गेला. म्हणून मी ठरवलं, की आमचे हात आधी जगायला आलेल्या माणसांसाठी.

चांगली गोष्ट आहे, नाही? ऐकणाऱ्यानं मान डोलवावी अशी. पण खरं सांगते — त्या मुलीला आधी दुसरीकडे नेऊन, फार उशिरा आमच्याकडे आणलं होतं. आम्ही तिघी मोकळ्या असतो तरी ती गेली असती. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. गोल त्या मुलीसाठी नव्हता. गोल माझ्यासाठी होता. ज्याला जगायचं नाही त्याच्याजवळ बसून काय बोलायचं, याची यादी माझ्याकडे नव्हती. आणि जे यादीत नाही, त्याची मला भीती वाटते.

गोल पेन्सिलीनं का काढायचे मी? बाकी सगळी वही निळ्या पेननं. हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीही स्वतःला फार उशिरा विचारला.

सुरेखा रविवारी आली. मेंढरांमागे फिरणारं घर. त्या दिवसांत त्यांचा तळ गावापासून लांब एका रानात होता. सासूनं आणि दिरानं टेम्पोत घालून आणलं. सासू म्हणाली, "चुकून पिली हो, खोकल्याचं समजून." असं सगळेच म्हणतात. मी मान वर न करता लिहिलं. फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. त्यात मी 'घरगुती वाद' लिहिलं. विचारलं नाही — मी कधीच विचारत नसे, सगळ्यांना तेच दोन शब्द लिहायची. तिनं ते का केलं, हे मला आजही माहीत नाही.

पोट धुतलं, औषधं सुरू केली. संध्याकाळपर्यंत ती बरी दिसायला लागली. मी सहाच्या आकड्यापुढे गोल काढला. सोमवारच्या पानावर काढला. मंगळवारच्या पानावरही सकाळीच काढला.

आता मंगळवार.

दीडच्या सुमाराला, आसमा आत आमचे डबे धूत असताना, सुंद्राबाई माझ्या टेबलापाशी आल्या. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. "मोठ्या सिस्टर, जरा येता का? पोरीची मान पडायलीय."

मी म्हणाले, "म्हणजे काय?"

"उशीवरून मान उचलंना ती. पाणी पाजायला गेले तर डोकं मागंच पडायलं."

मी गेले. हे वहीत नाही, पण मी गेले होते. सुरेखा डोळे उघडे ठेवून पडली होती. मी म्हटलं, "उचल गं मान." तिनं प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, हनुवटी थरथरली, डोकं उशीवरच राहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "न्हाई उचलत, सिस्टर. दम बी लागायलाय."

त्यावर मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. गेली पाच वर्षं मला ते पाठ आहे. मी म्हणाले, "काल तर भावासंगं बसून बिस्किटं खात होतीस. आता दुपारी भेटायला माणसं यायची वेळ झाली की मान पडायली व्हय? इथं खरंच जगायला आलेली माणसं आहेत. त्यांना बघू दे मला."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंडाला पदर लावला. हसत होती की नाही, मी पाहिलं नाही. सुरेखानं डोळे मिटले. सुंद्राबाई म्हणाल्या, "सिस्टर, असं बोलू नका तिला, लई गुणाची हाय." मी परत टेबलाशी आले.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर, माझ्याच अक्षरात, एक यादी होती. 'औषध प्यालेला रुग्ण: काय बघावे.' त्यातला तिसरा मुद्दा असा होता — दर दोन तासांनी उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर श्वास बंद पडण्याची शक्यता. डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. बरा झालेला वाटणारा रुग्णसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा पडतो, म्हणून तो मुद्दा मी लाल पेननं अधोरेखित केला होता.

त्या भिंतीला पाठ करून मी दोन वाजेपर्यंत बसले. रजिस्टर पूर्ण केलं.

दोन वाजता आसमाला वही दिली. ती नांदूरघाटची, घरातली पहिली शिकलेली मुलगी. डबा आणायची तो दोघींना पुरेल एवढा. आधी येऊन आम्ही जेवायचो — माझी भाकरी, तिची भाजी. मी वही वाचून दाखवली. सहा नंबर: "औषध, तिसरा दिवस, स्थिर." मानेचं बोललेच नाही. ती मान हलवून 'हो' म्हणाली, तिची नजर समासावर गेली, तिथे गोल होता. तिनं तो पाहिला. मी तिला तो पाहताना पाहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गरज आहे.

मग मी आवारातल्या माझ्या क्वार्टरवर गेले आणि कपडे भिजत घातले.

पुढचं मला काशीनाथमामांनी सांगितलं. चारच्या आधी सुंद्राबाईंनी आसमाला हाक मारली. आसमा दुसऱ्या खाटेवर सलाईन लावत होती, म्हणाली, "येते, मावशी." पुन्हा हाक मारली, पुन्हा "येते." वीस मिनिटं गेली असतील. गोल नसता तर ती गेली असती. ती धावणारी पोरगी होती, चपला वाजवत धावायची म्हणून मी तिला रागवायचे. ती गेली तेव्हा सुरेखाचे ओठ निळे पडले होते. मग मात्र आसमानं जे केलं ते मामा अजून सांगतात. डॉक्टर येईपर्यंत आणि त्यांनी नळी घातल्यावरही, अँब्युलन्समध्ये गुडघ्यांवर बसून, मोठा दवाखाना येईपर्यंत ती हातानं श्वासाचा फुगा दाबत गेली. परत आली तेव्हा तिची बोटं वाकडीच राहिली होती, चहाचा कप धरता येईना.

सुरेखा जगली. तीन आठवडे तिकडे मशीनवर आणि मग बिनमशीनची, पण जगली. मी हे सुटकेसारखं लिहीत नाहीये.

दिरानं तक्रार केली. हाका मारूनही सिस्टर आली नाही. चौकशी लागली, अधीक्षकांनी पाळीची वही मागवली — उद्या सकाळी दहाला, म्हणाले. ती वही इन्चार्ज म्हणून माझ्या ताब्यात होती.

त्या दुपारी मी ती क्वार्टरवर नेली. दार लावलं. मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला खोडरबर घेतला. पहिल्या पानापासून सुरुवात केली — मी कामाला बसले की क्रमानं करते. पान, समास, गोल, खोडणं, फुंकर. पान, समास, गोल. किती होते ते मोजले नाहीत. मी, जी गॉझचे तुकडे मोजते. एकेका गोलामागे एक माणूस आठवत होता आणि बऱ्याच गोलांमागे कुणीच आठवत नव्हतं, ते जास्त वाईट होतं. मंगळवारचं पान आलं. सहाच्या पुढचा गोल मी जरा दाबून काढलेला होता. शिसं गेलं, पण कागदावर खड्डा राहिला. मी नखानं तो सपाट केला.

चौकशीत आसमानं खरं सांगितलं. "सर, आमच्याकडे गोल करतात. सहा नंबरला गोल होता, म्हणून मी..." अधीक्षकांनी वही तिच्यासमोर सरकवली. ती पानं उलटत गेली. आधी भराभर, मग सावकाश. बाकीच्या सिस्टर एकेक करून म्हणाल्या, आम्हाला असलं काही माहीत नाही. त्यांना दोष देत नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी काय म्हणते तेच त्या म्हणणार होत्या. शेवटी मला विचारलं.

मी म्हणाले, "अशी काही पद्धत नाही, सर. मुलगी नवीन आहे. घाबरलीय."

मऊ आवाजात म्हणाले. मी तिची बाजू घेतेय असं वाटावं, अशा आवाजात.

आसमा माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही — राग असता तर मला सोपं गेलं असतं. एखादी वस्तू रोज जिथे ठेवतो तिथे नसली की आपण जसं बघतो, तसं. मार्चमध्ये तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं ट्रॉली माझ्या यादीप्रमाणे लावली, चाव्या दिल्या आणि गेली. त्या दिवसापासून मी डबा एकटीच खाते. नवीन पोरी येतात, पण मी खोलीत आले की त्यांचं बोलणं थांबतं, आणि मी विचारतही नाही काय चाललंय. गोल मी बंद केला. कुणी मला त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. सहा नंबरला कुणी आलं की मी स्टूल घेऊन बसते. काय बोलायचं ते अजून येत नाही, नुसती बसते. हे सांगितलं म्हणून माझ्या खात्यावर काही जमा करू नका.

दिवाळीनंतर सुरेखा आली होती. सासू बरोबर. गळ्याला भोक पाडल्याची खूण, आणि आवाज घोगरा, बाप्यासारखा. मी ओळखलंच नाही. आवाजानं तर नाहीच. सुंद्राबाईंनी काखेतलं गाठोडं टेबलावर ठेवलं. काळी घोंगडी, स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची, काठाला पांढरी रेघ.

"ती सिस्टर कुठाय?" सुरेखानं विचारलं. "वाटभर फुगा दाबीत होती ती. मला सगळं कळायलं होतं, निस्तं हालता येईना. ती म्हनायली, सुरेखा, मी हाय, मी हाय. तिच्यासाठी आणलीय."

बघा, तिथे मला सांगता आलं असतं. निदान पत्ता तरी.

मी म्हणाले, "तिची बदली झाली. मी पोचवते."

सुरेखानं 'बरं' म्हटलं. मला ती ओळखत होती की नाही? त्या दिवशी डोळे मिटून घेतले होते तिनं, पण कान उघडे होते. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "मोठ्या सिस्टर, मान उचलते आता." आणि मान वर-खाली करून दाखवली, शाळेत दाखवतात तशी. तिच्या तोंडावर टोमणा नव्हता. मी पुष्कळ शोधला.

आसमा मला गेल्या वर्षी भेटली, पाटोद्याच्या स्टँडवर. कडेवर लहान मुलगी, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. मी खांबामागे सरकले होते, पण तिनंच पाहिलं. "सलाम, मोठ्या सिस्टर. तब्येत बरी हाय का? वाळलात." आता ती दवाखान्यात काम करत नाही, घरी शिवणकाम करते. मी म्हटलं, हे कामच का सोडलंस, तुझा हात चांगला होता.

ती हसली. मुलीचं नाक पुसलं. मग म्हणाली, "भरवसा न्हाई राहिला, सिस्टर. हाताचा न्हाई, डोळ्यांचा. मला अजून वाटतं, तिथं गोल होता. पण वहीत तर नव्हता, मी सगळी पानं बघितली. म्हणजे मलाच दिसला असंल. हाक ऐकून गेले न्हाई, आन् मग मनानंच गोल काढला असंल. असं होतं म्हणतात माणसाला." मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ज्याला नसलेलं दिसतं त्यानं इंजेक्शन भरू नये, न्हाई का?"

माझी बस लागत होती. गर्दी होती, कंडक्टर ओरडत होता, पण ते कारण नाही. माझ्याकडे वेळ होता. चार शब्द होते फक्त. मी तिच्या मुलीच्या गालाला हात लावला, म्हणाले, "ये कधी घरी." आणि चढले. खिडकीतून पाहिलं तर ती हात हलवत होती, मुलीचाही हात धरून हलवून दाखवत होती.

सुरेखा मान पडली म्हणाली, मी तिला खोटं ठरवलं. आसमा गोल होता म्हणाली, मी तिला खोटं ठरवलं, आणि तिला तर ते पटलंही. मशीन काढल्यावर पहिली पुन्हा उभी राहिली. दुसरी अजून स्वतःला विचारतेय.

घोंगडी माझ्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, डांबराच्या गोळ्या घालून. दर उन्हाळ्यात मी तिला गच्चीवर ऊन दाखवते आणि घडी करून परत ठेवते. दरवर्षी नवीन डायरी आली की जुन्या डायरीतली न झालेली कामं मी पहिल्या पानावर उतरवून घेते. या वर्षी पाच होती. गॅसची नळी बदलली. पेन्शनचे कागद दिले. चष्मा झाला. बहिणीकडे जाऊन आले. त्या चारही कामांपुढे बरोबरची खूण आहे.

पाचवं काम निळ्या पेननं लिहिलेलं आहे: नांदूरघाटला जाणे, आसमा — घोंगडी देणे, गोल होता हे सांगणे.

त्याच्यापुढे अजून काही नाही.